मोठी कादंबरी वाचताना स्वतःचा प्रतिसाद कसा नोंदवावा : नव्या वाचकांसाठी

आठशे-नऊशे पानांची कादंबरी वाचून संपवलेल्या माणसाला "कशी वाटली?" असे विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर एका विशेषणात येते. "छान आहे", "फार जड आहे", "शेवट पटला नाही". महिना-दीड महिना ज्या पुस्तकाच्या सोबतीने काढला त्याविषयी सांगायला एवढेच उरावे, याचे वाईट वाटते. प्रतिसाद नव्हता असे मुळीच नसते. तो वाचन चालू असतानाच निरनिराळ्या पानांवर उमटलेला असतो आणि नोंद न झाल्यामुळे तिथेच राहून जातो. लघुकथा एका बैठकीत संपते, त्यामुळे तिचा परिणाम एकसंध आठवतो. मोठ्या कादंबरीचे तसे होत नाही. ती वाचत असताना पात्रांविषयीचे आपले मत तीन-चार वेळा फिरते, मधल्या दीडशे पानांत कंटाळा येतो, एखादे प्रकरण झोप उडवते, आणि शेवटच्या पानाशी पोहोचेपर्यंत पहिल्या शंभर पानांत काय वाटले होते ते आठवेनासे होते. मतांचा हा सगळा प्रवास म्हणजेच आपला प्रतिसाद, असे मी मानते. शेवटी बनणारे मत हा त्याचा केवळ एक मुक्काम. तो प्रवास हातातून निसटू नये म्हणून काय करावे, ते इथे क्रमाने सांगते.

पहिली पायरी : हातातली प्रत तपासणे

पुस्तक उघडल्यावर सर्वप्रथम ते संपूर्ण आहे की संक्षिप्त, ते पाहावे. मोठ्या कादंबऱ्यांच्या संक्षिप्त आवृत्त्या पुष्कळ असतात आणि त्यावर तसा उल्लेख कधी कधी अगदी बारीक अक्षरांत असतो. अनुवाद असेल तर अनुवादकाचे नाव, मूळ भाषा आणि तो थेट मूळ भाषेतून केलेला आहे की मधल्या एखाद्या भाषेतून, एवढे टिपून ठेवावे. "भाषा कृत्रिम आहे" ही तक्रार पुढे मनात आली, तर ती लेखकाकडे जाते की अनुवादाकडे, हे ठरवायला ही नोंद उपयोगी पडते.

ही सूचना किरकोळ वाटेल, म्हणून एक उदाहरण देते. हर्मन मेलविल यांची 'मोबी डिक' ही कादंबरी ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनमध्ये 'द व्हेल' या नावाने तीन खंडांत प्रथम निघाली. त्या आवृत्तीत शेवटचा उपसंहार छापलाच गेला नव्हता, आणि जहाज बुडाल्यावर निवेदक कसा वाचला हे नेमके त्या उपसंहारातच सांगितलेले आहे. साहजिकच काही ब्रिटिश समीक्षकांनी आक्षेप घेतला की, सगळेच बुडाले असतील तर ही हकिगत सांगतो कोण? त्यांचे वाचन प्रामाणिक होते आणि आक्षेपही तर्काला धरून होता; पण त्यांच्या हातातले पुस्तक अपुरे होते.

प्रस्तावना मात्र आरंभी वाचू नये. गाजलेल्या कादंबऱ्यांच्या प्रस्तावना हे पुस्तक वाचून झालेल्यांसाठी लिहिलेले लेख असतात. त्यांत कथानक उघड होते, आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे कुठे काय वाटायला हवे हे आधीच कानावर पडते. प्रस्तावना शेवटी वाचावी.

दुसरी पायरी : अपेक्षा लिहून काढणे

पहिले पान वाचण्यापूर्वी चार-पाच ओळींत लिहावे की, हे पुस्तक आपण का उचलले, कोणाकडून ऐकले आणि त्यात काय मिळेल असे वाटते. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकांनी १९६७ मध्ये 'अपेक्षांचे क्षितिज' ही कल्पना मांडली. वाचक कोऱ्या मनाने पुस्तकाकडे येत नाही. आधीची वाचने, त्या प्रकारच्या लेखनाचे संकेत आणि स्वतःचे जगणे यांतून तयार झालेल्या अपेक्षा घेऊन येतो, आणि पुस्तक त्या अपेक्षा कुठे पुऱ्या करते व कुठे मोडते, यावर त्याचे वाचन ठरते, असा तिचा साधा आशय आहे. आपल्यासाठी त्यातला व्यवहाराचा भाग एवढाच : अपेक्षा आधी लिहिल्या नाहीत, तर त्या मोडल्या हे आपल्याला पुढे कळतच नाही. फक्त "निराशा झाली" एवढे कळते. कौटुंबिक कथा मिळेल म्हणून हाती घेतलेली कादंबरी अर्ध्यावर राजकीय चर्चेत शिरली, म्हणून निराशा झाली असेल, तर ती लेखनातली उणीव आहे की आपला अंदाज चुकला, याचा निवाडा त्या चार ओळी समोर असल्या तरच करता येतो.

तिसरी पायरी : वेग ठरवणे

नऊशे पानांची कादंबरी रोज पंचवीस पाने या वेगाने छत्तीस दिवसांत पूर्ण होते. हा वेग बहुतेकांना झेपतो. पहिली शंभर पाने याहून सावकाश वाचावीत, कारण माणसे, ठिकाणे आणि निवेदनाची रीत यांची ओळख तिथेच होत असते. सुट्टीच्या दिवशी एकदम दोनशे पाने उरकून मग आठवडाभर पुस्तक बाजूला ठेवणे, ही सवय धागा तोडते.

मधल्या विरामांविषयी मात्र अपराधी वाटण्याचे कारण नाही. अनेक मोठ्या कादंबऱ्या मुळात तुकड्यातुकड्यांनीच वाचकांपर्यंत पोहोचल्या. जॉर्ज एलियट यांची 'मिडलमार्च' डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या काळात आठ भागांत निघाली. त्याआधी सव्वाशे वर्षे, सॅम्युअल रिचर्डसन यांच्या 'क्लॅरिसा'चे सात खंड १७४७ आणि १७४८ मध्ये टप्प्याटप्प्याने निघत होते, तेव्हा नायिकेचा शेवट सुखाचा करावा म्हणून वाचक लेखकाला पत्रे लिहीत होते. लेखकाने शेवट बदलला नाही. पण त्या वाचकांना दोन खंडांमध्ये थांबून विचार करायला, घाबरायला, विनवणी करायला जी फुरसत मिळाली, ती आपल्याला स्वतः निर्माण करावी लागते. प्रत्येक भाग संपला की एक दिवस पुस्तक न उघडता काढावा आणि पुढे काय होईल, काय होऊ नये असे वाटते, ते लिहावे.

चौथी पायरी : वही

संपूर्ण पद्धतीचा आधार वहीच आहे, म्हणून इथे थोडे थांबते.

समासात पेन्सिलने खुणा करणे चांगले, पण पुरेसे नाही, कारण खुणेमुळे जागा कळते, कारण कळत नाही. साधी वही घ्यावी आणि रोजचे वाचन संपल्यावर पाच मिनिटे तीनच गोष्टी लिहाव्यात : पानाचा क्रमांक, तिथे काय घडले याची एक ओळ, आणि मला काय वाटले याची एक ओळ. प्रत्येक पानाची नोंद करायची नाही. दिवसाच्या पंचवीस पानांत जिथे राग आला, हसू आले, मागे जाऊन पुन्हा वाचावेसे वाटले किंवा डोळे नुसतेच ओळींवरून फिरले, अशा दोन-तीन जागा पुरतात.

समजा, एका कादंबरीत दोन भाऊ आहेत. वहीतली नोंद अशी असेल : "पान ११२. धाकटा जमिनीचा कागद मोठ्याने वाचून दाखवतो, थोरला कंदिलाची काच पुसत राहतो. थोरल्याचा राग आला. इतके नुकसान ऐकूनही हा बोलत का नाही?" पुढे दोन आठवड्यांनी दुसरी नोंद येते : "पान ४६०. थोरल्याला वाचता येत नाही. मागे जाऊन ११२ पाहिले. तिथे तसे कुठेही म्हटलेले नाही. धाकट्याने कागद पुढे केला आणि त्याने तो हातात घेतला नाही, एवढे एक वाक्य आहे. मी ते वाचले होते आणि त्याचा अर्थ बेपर्वाई असा लावला होता."

या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कादंबरीविषयी सांगण्यासारखे खरेखुरे काही हाती येते. लेखकाने एक जागा मोकळी सोडली, ती वाचकाने घाईने भरली, आणि साडेतीनशे पानांनंतर लेखकाने तो भराव काढायला लावला. वोल्फगांग इझर या जर्मन अभ्यासकांनी वाचनप्रक्रियेचे वर्णन करताना अशा रिकाम्या जागांवरच भर दिला होता : संहिता सर्व काही सांगत नाही, न सांगितलेले वाचक पुरवतो आणि पुढचा मजकूर वाचताना त्याला ते दुरुस्त करावे लागते. पहिली नोंद नसती, तर पान ४६० वाचताना "मला आधीच शंका होती" असे आपण स्वतःला सहज पटवले असते. स्मरणशक्ती मागच्या मतांवर हात फिरवते. वहीतला मजकूर मात्र बदलत नाही, म्हणून जुनी नोंद चुकीची ठरली तरी ती खोडू नये; खाली नवी लिहावी.

पात्रे फार असतील तर नावांची वेगळी चिठ्ठी करून ती पुस्तकातच ठेवावी. रशियन कादंबऱ्यांत तर हे करावेच, कारण तिथे एकाच माणसाला कधी नाव आणि पित्याच्या नावावरून आलेले नाव जोडून, कधी आडनावाने, तर कधी लाडक्या नावाने हाक मारली जाते आणि नवख्या वाचकाला एका माणसाची तीन माणसे वाटू लागतात.

पाचवी पायरी : कंटाळ्याची चौकशी

मोठी कादंबरी वाचताना कंटाळा येतोच. नवे वाचक त्याची लाज बाळगतात किंवा त्यावरूनच पुस्तक निकालात काढतात. माझ्या मते कंटाळा ही वाचनातली सर्वांत उपयोगी खूण आहे, मात्र त्याचे कारण शोधले तरच.

कारणे निरनिराळी असतात. पात्रांची नाती डोक्यात बसलेली नसतील तर संवाद कोणाविषयी चालला आहे हेच कळत नाही, आणि न कळण्यालाच आपण कंटाळा म्हणतो. यावर उपाय म्हणजे नावांची चिठ्ठी घेऊन वीस पाने मागे जाणे. दुसरे कारण माहितीचे : शेतीची, युद्धाची, व्यापाराची, धर्मचर्चेची पानेच्या पाने येतात आणि कथा थांबल्यासारखी वाटते. अशा वेळी ही माहिती कोणत्या पात्राच्या नजरेतून येते आहे हे पाहावे. ती एखाद्याच्या ध्यासाचा भाग असेल, तर ती पाने त्या माणसाचे चित्रण करीत असतात. निवेदक कोणाचाही आधार न घेता ती सांगत असेल, तर लांबण लागली आहे असे म्हणायला जागा आहे. तिसरे कारण म्हणजे मुद्दाम धरलेली संथ लय. आजारपण, वाट पाहणे, बंदिवास, म्हातारपण यांचे चित्रण करताना लेखक वाचकालाही त्या वेळेत अडकवून ठेवतो. चौथे कारण आपले स्वतःचे असते : रात्री उशिरा, दिवसभराच्या कामानंतर, एका डोळ्याने फोनकडे पाहत वाचलेली पाने कोणत्याही लेखकाची असली तरी नीरसच वाटतात.

यांतले नेमके कोणते, हे ओळखण्यासाठी मी एक साधी चाचणी करते. कंटाळवाण्या भागातली दोन पाने दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्याने वाचते. पाने जिवंत वाटली, तर दोष आदल्या रात्रीच्या थकव्याचा होता. कोण कोणाशी बोलतो आहे तेच मोठ्याने वाचूनही कळले नाही, तर अडचण आकलनाची आहे. आणि सारे स्पष्ट कळूनही वाक्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आहेत असे कानाला जाणवले, तर तो लेखनातला दोष आहे आणि पानाच्या क्रमांकासह तो निःसंकोच नोंदवावा. लेखक कितीही मोठा असला, तरी ही नोंद गाळू नये.

पुस्तक सोडून द्यावेसे वाटले, तर एक तृतीयांश वाचून झाल्यावर तसे करायला हरकत नाही. "पान ३०० पर्यंत वाचली, अमुक कारणाने थांबले" ही नोंद पूर्ण वाचल्याचा आव आणून लिहिलेल्या दोन पानांपेक्षा किती तरी मोलाची आहे. मात्र न वाचलेल्या भागाविषयी आणि रचनेच्या एकसंधपणाविषयी बोलण्याचा अधिकार तिथेच संपतो.

सहावी पायरी : माझे काय आणि पुस्तकाचे काय

आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय मागवले आणि १९२९ मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. वाचनातल्या ज्या अडचणी त्यांनी तिथे मांडल्या, त्यांतली एक वैयक्तिक आठवणींची आहे : ओळ वाचता वाचता वाचकाच्या मनात स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग जागा होतो आणि पुढे तो कवितेऐवजी त्या प्रसंगालाच प्रतिसाद देत राहतो. ते प्रयोग कवितांचे होते, तरी मोठ्या कादंबरीत हा धोका वाढतो, कारण तिच्यात कुठे ना कुठे आपल्या घरासारखे घर, आपल्या वडिलांसारखे वडील भेटतातच.

अशा आठवणी दाबून टाकाव्यात असे मी म्हणणार नाही. वहीत त्यांना वेगळी खूण करावी, मी चौकट काढते, आणि मग त्याच प्रसंगाला एक प्रश्न विचारावा : माझ्या आयुष्यात असे घडले नसते, तरी हे पान मला हलवून गेले असते का? उत्तर "हो" असेल, तर त्या पानावर काय आहे ते शोधावे. एखादे अर्धवट तोडलेले वाक्य असेल, निवेदनात अचानक आलेला वर्तमानकाळ असेल, चार पाने लांबवता आला असता असा मृत्यू एका ओळीत उरकलेला असेल. उत्तर "नाही" असेल, तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. "वडील नुकतेच गेले असल्यामुळे हे प्रकरण मला तटस्थपणे वाचता आले नाही" या वाक्याने अभिप्रायाचे वजन कमी होत नाही. तो कोणत्या जागेवरून दिला आहे, हे वाचणाऱ्याला कळते.

सातवी पायरी : संपल्यावर थांबणे, मग लिहिणे

शेवटचे पान मिटल्याबरोबर लिहायला बसू नये. शेवटाचा परिणाम ताजा असतो आणि तो मागची आठशे पाने झाकून टाकतो. तीन-चार दिवस जाऊ द्यावेत. मग वही न उघडता, केवळ आठवणीवर एक पान लिहावे : काय राहिले? कोणती खोली, कोणता आवाज, कोणता निर्णय? त्यानंतर वही उघडून ताडून पाहावे. वाचताना भारावून चार ओळी लिहिलेला प्रसंग आठवणीच्या पानात कुठेच नाही, आणि ज्याची नोंदही केली नव्हती तो एक किरकोळ माणूस मात्र मनात ठाण मांडून बसला आहे, असे हमखास आढळते. लेखाला सुरुवात करायला यासारखी दुसरी जागा नाही.

लेख लिहिताना कथानकाचा सारांश एक पंचमांशापेक्षा जास्त होऊ देऊ नये आणि शेवट उघड करू नये. करावाच लागला, तर आधी तशी सूचना द्यावी. आणखी एक पथ्य विशेषणांचे. "ओघवती भाषा", "खिळवून ठेवणारे कथानक", "चटका लावणारा शेवट", "हातातून पुस्तक खाली ठेववत नाही" ही वाक्ये इतकी वापरून गुळगुळीत झाली आहेत की ती कोणत्याही पुस्तकावर चिकटवता येतात. पहिल्या खर्ड्यात ती येणारच, येऊ द्यावीत. दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येकासमोर "म्हणजे नक्की काय?" असे लिहून त्याचे उत्तर मूळ वाक्याच्या जागी ठेवावे. "भाषा ओघवती आहे" याचे उत्तर असे निघू शकते : "धाकटा भाऊ बोलतो तेव्हा वाक्ये लांबत जातात आणि थोरल्याच्या वाट्याला दोन-तीन शब्दांची वाक्ये येतात. घरात कोणाचे चालते, हे लेखकाला वेगळे सांगावे लागत नाही." हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही कादंबरीला लागू पडणार नाही. त्याशेजारी मूळ पुस्तकातली एक-दोन वाक्ये अवतरणात द्यावीत, म्हणजे वाचणाऱ्याला आपले म्हणणे पडताळून पाहता येते.

आठवी पायरी : इतरांचे अभिप्राय

हे आपला खर्डा पूर्ण झाल्यावरच वाचावेत. कोणाचे मत विरुद्ध निघाले, तर आधी त्या वाचकाने कोणती पाने आधाराला घेतली आहेत ते पाहावे आणि ती पुन्हा वाचावीत. पाने वाचूनही आपले मत कायम राहिले तर तसे लिहावे, आणि बदलले तर तेही लिहावे. मत बदलल्याचे उघड सांगण्यात कमीपणा नाही. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांच्या बहुखंडी कादंबरीचा पहिला खंड लेखक आन्द्रे जीद ज्या प्रकाशनसंस्थेशी जोडलेले होते तिने नाकारला होता, आणि अखेर नोव्हेंबर १९१३ मध्ये तो लेखकाच्या खर्चाने दुसरीकडे निघाला. जानेवारी १९१४ मध्ये जीद यांनी प्रूस्त यांना पत्र लिहून, ते पुस्तक नाकारणे ही आपल्या संस्थेची सर्वांत गंभीर चूक होती, अशी कबुली दिली. त्यांनी ते या वेळी नीट वाचले होते.

गटात चर्चा करायची असेल, तर सर्वांनी आपापला लेख आधी लिहून आणावा आणि चर्चेची सुरुवात मतांनी न करता पानांनी करावी. प्रत्येकाने एक पान निवडून मोठ्याने वाचावे आणि तेच का निवडले ते सांगावे. कादंबरी आवडलेला आणि न आवडलेला वाचक कधी कधी एकच पान घेऊन येतात, आणि तशी चर्चा सर्वांत चांगली रंगते.

लेख पूर्ण झाला की वहीच्या शेवटच्या पानावर वाचन सुरू केल्याची व संपवल्याची तारीख, आवृत्तीचे वर्ष आणि अनुवादकाचे नाव लिहावे आणि खाली अर्धे पान कोरे सोडावे. पाच-सात वर्षांनी हीच कादंबरी पुन्हा हातात घ्याल, तेव्हा त्या जागेची गरज पडेल.